कॅट आपलं काम नव्हे, असं पोरांना सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

कॅट म्हणजे आयआयएम या केंद्राच्या नामांकित व्यवस्थापन संस्थांत एमबीएला जायची प्रवेश परीक्षा. ऑगस्टमध्ये तिचे फॉर्म सुटले की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा. मजकूर थोडक्यात असा: कॅट ही इंग्रजी माध्यमाच्या, त्यातही इंजिनिअर झालेल्या मुलांची परीक्षा आहे. मोठ्या शहरात लाखभराचा क्लास लावल्याशिवाय आणि नोकरी सोडून रोज दहा तास बसल्याशिवाय जमत नाही. एवढं करूनही ९९ पर्सेंटाइल आलं नाही, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या पुढे गेलं नाही, तर वर्ष वाया. शेवटी हात जोडलेले: साध्या घरातल्या पालकांनी या नादाला लागू नये.

मी कोल्हापुरात या परीक्षांची तयारी करून घेतो. गेल्या वर्षी गडहिंग्लजकडची एक मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची, फॉर्म अर्धा भरून थांबली. घरी हाच मेसेज तिला वाचून दाखवला होता. "सर, पप्पा म्हणतात, आपलं काम नव्हे ते." बारा महिन्यांची तयारी एका फॉरवर्डवर थांबताना बघितली, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी इंग्रजीचं, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथेच कच खातात. पेपर इंग्रजीत असतो, मराठीचा पर्याय नाही, हे खरं. पण इंग्रजीच्या विभागात नेमकं काय विचारतात ते मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. अलीकडच्या पेपरांत २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उरलेले वाक्यांचा क्रम लावणं, परिच्छेदाचा सारांश ओळखणं, गटात न बसणारं वाक्य शोधणं असे. व्याकरणाचे नियम थेट विचारत नाहीत, शब्दार्थांच्या याद्या पाठ करून फार उपयोग होत नाही, आणि तुमचे उच्चार तिथे कुणी ऐकत नाही. तपासलं जातं ते एकच: लेखक काय म्हणतोय ते धरून ठेवता येतं का, आणि त्यात स्वतःचं मत न मिसळता उत्तर देता येतं का. इथे कॉन्व्हेंटमधली मुलंही सपाटून चुकतात, मी रोज बघतो.

त्या मुलीची एक वही माझ्याकडे आहे. रोज एक इंग्रजी लेख वाचायचा आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत, मराठीत, लिहायचं, एवढंच काम दिलं होतं. पहिल्या आठवड्यात खारफुटीवरचा एक लेख होता. तिने लिहिलं, 'खारफुटी वाचवली पाहिजे.' लेखाचा रोख उलटा होता: संरक्षणाच्या नियमांमुळे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा खाडीवरचा हक्क कसा गेला, हे लेखक सांगत होता. मी शेजारी लाल पेनने विचारलं, 'हे लेखक म्हणतो की तू?' हा प्रश्न त्या वहीत पुढे निदान तीस वेळा आहे. दिवाळीच्या सुमाराला तिच्या ओळी अशा यायला लागल्या: 'लेखक अमुक मताला उत्तर देतोय. त्याला ते अर्धं पटतं.' हे ज्याला कळलं त्याचे उताऱ्यावरचे प्रश्न सुटतात. वेग यायला मात्र सात-आठ महिने लागतात, त्याला जवळची वाट नाही.

गणितात तर मराठी माध्यमाची मुलं उगाच घाबरतात. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, काळ-काम-वेग, नफा-तोटा, चक्रवाढ व्याज, वर्तुळ, समीकरणं: बहुतेक भाग दहावीपर्यंतचा, थोडा अकरावी-बारावीचा. रिमेंडर म्हणजे बाकी, रेशो म्हणजे गुणोत्तर, असा पानभर शब्दांचा तक्ता भिंतीला लावा, दोन आठवड्यांत डोळ्यांना सवय होते. फसायला होतं ते वेगळीकडे, 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' मध्ये. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त तीन यांत घाईत गल्लत झाली की पूर्ण गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं. ते दोन शब्द दिसले की कच्च्या कागदावर उतरवून खाली रेघ मारायची, ही सवय मी सक्तीने लावतो.

इंजिनिअरांचा मुद्दा लवकर आटपतो. २०२४ च्या कॅटमध्ये १०० पर्सेंटाइल मिळवणाऱ्या १४ जणांत १३ इंजिनिअर होते, हे खरं. पण मुळात परीक्षेला बसणाऱ्यांतच त्यांचा भरणा मोठा असतो. पेपरात इंजिनिअरिंगचं गणित नसतं, कॅल्क्युलस नसतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते, ५० टक्के गुणांसह, आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांसाठी ४५. शेवटच्या वर्षाला असणारेही बसू शकतात. काही आयआयएम तर बिगर-इंजिनिअर उमेदवारांना निवडीत थोडे गुण जास्त देतात.

आता लाखभराचा क्लास. मी स्वतः शिकवण्या घेऊन घर चालवतो, तरी सांगतो: क्लासने शिस्त लागते, सोबत मिळते, अडलेलं विचारायला माणूस मिळतो. ज्याला हे घरी जमतं त्याला क्लासची गरज नाही. कॅटचे मागचे पेपर आणि अधिकृत सराव चाचणी फुकट मिळते. पैसे घालायचेच तर चांगल्या मॉक टेस्टवर, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षांवर, घाला, त्याला काही हजार पुरतात.

पण मॉक देऊन नुसता स्कोअर बघणं म्हणजे ताप मोजून थर्मामीटर डब्यात ठेवणं. या मुलीची तिसरी मॉक आम्ही शेजारी बसून उघडली. डेटा आणि लॉजिकच्या विभागाला ४० मिनिटं असतात, त्यात पाच संच होते, म्हणजे एकेका माहितीवर आधारलेले काही प्रश्न. पहिल्याच संचावर तिने २३ मिनिटं घालवली होती. का, विचारलं तर म्हणाली, "सुरू केलेलं अर्धं सोडायचं नसतं ना, सर." शाळेने बारा वर्षं हेच शिकवलंय: पेपर क्रमाने सोडवा, काही सोडू नका. इथे सोडणं हेच निम्मं कौशल्य आहे. २०२४ चा पेपर ६८ प्रश्नांचा, २०४ गुणांचा होता. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर १ वजा, आणि उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजाबाकी नाही. अलीकडच्या वर्षांत यातले साधारण निम्मे किंवा त्याहूनही कमी गुण मिळवणारा ९९ पर्सेंटाइलला पोहोचलेला आहे. म्हणजे पाचांतले दोन संच नीट सोडवून तिसऱ्याला हात घालणारा चांगल्या जागी असतो. आम्ही नियम केला: पहिली पाच मिनिटं फक्त पाचही संच वाचायचे, मग निवडायचं, आणि आठ मिनिटांत धागा सापडला नाही तर तो संच सोडायचा. पुढच्या मॉकला तिचे दोन संच पूर्ण झाले. गणित तेच, मुलगी तीच.

नोकरी सोडायला तर मी कुणालाच सांगत नाही. अनेक आयआयएममध्ये कामाच्या अनुभवाला निवडीत वजन आहे. रोजचे दोन-अडीच तास आणि रविवारी एक मॉक, हे आठ-दहा महिने सलग झालं तर पुरेसं आहे.

राहिलं ९९ चं. सगळ्यात जुन्या आयआयएमची प्रवेशाची रेषा उंच असते, हे मान्य. पण नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, पवईची जुनी 'नीटी' ही संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई झालीय, आणि कॅटचा फॉर्म सगळ्या आयआयएमसाठी एकच असतो. शिवाय राज्याची एमबीए सीईटी, म्हणजे राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमश्री, पुणे विद्यापीठाची पुंबा या व्यवस्थापन संस्थांची वाट त्यातून जाते. या सीईटीचा स्वभाव वेगळा: १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला वजाबाकी नाही. कॅटमध्ये जी निवड शिकलो ती इथे बदलावी लागते, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. शेवटचा महिनाभर त्यासाठी वेगळा ठेवा.

मेसेजने एक खरी अडचण सांगितलेलीच नाही, ती मी सांगतो. अनेक आयआयएम दहावी-बारावीचे गुणही धरतात. ते कमी असतील तर कॅटमध्ये जास्त मिळवावे लागतात, आणि हे पोरांना तयारीच्या पहिल्या दिवशी कळायला हवं. दुसरं, कागदपत्रं. ओबीसी उमेदवाराला आयआयएमसाठी केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेयर दाखला लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. पोरांना हे ऐनवेळी कळतं आणि धावाधाव होते.

त्या मुलीचा फॉर्म शेवटी भरला. मी घरी गेलो, वही आणि मॉकचे दोन कागद तिच्या पप्पांपुढे ठेवले, फार काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावून लाल पेनची वाक्यं वाचली, पानं उलटली आणि विचारलं, "दाखला कुठला लागतो म्हणालात?" पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी प्रांत कचेरीत तीन खेपा घातल्या.