ड्राइव्ह 'ई' फॉरमॅट करायचा आहे का?

माझ्याकडच्या जुन्या हार्ड डिस्क अजून ठणठणीत आहेत. त्यांना सांभाळणारे संगणक मात्र दर पाच-सात वर्षांनी निकालात निघतात. नवे यंत्र घ्यायला गेले की दुकानदार प्रोसेसर आणि रॅम यांची महती अर्धा तास गातो, आणि जुन्या डिस्क यात कुठे बसतील असे विचारताच कनवाळू स्वरात म्हणतो, "काका, आता हे कोण वापरतं? सगळं क्लाउडवर टाका." क्लाउडवर टाकण्यासाठीसुद्धा ती डिस्क आधी कुठल्या तरी संगणकाला जोडावीच लागेल, हे त्याला सांगण्यात अर्थ नसतो, तोवर तो पुढच्या गिऱ्हाइकाला रंगीत दिव्यांचा पंखा दाखवू लागलेला असतो.

आमच्या घरातली सर्वांत ज्येष्ठ डिस्क आयडीई या जुन्या जोडणीच्या जातीची आहे. चाळीस पिनांचे सॉकेट, हातभर रुंद वाटावी अशी चपटी केबल आणि पाठीमागे तांदळाएवढा जंपर, ज्याच्या जागेवरून डिस्क 'मास्टर' की 'स्लेव्ह' हे ठरत असे. एका केबलवर दोन मास्टर झाले की बहुधा दोघेही दिसेनासे होत. सत्तेच्या राजकारणात असे का होत नाही, कोण जाणे. 2003 च्या सुमारास सात पिनांची सडपातळ केबल घेऊन साटा ही नवी जोडणी आली आणि पुढे यथावकाश मदरबोर्डवरून, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरून, आयडीईचे सॉकेटच नाहीसे झाले. लॅमिंग्टन रोडवर, ज्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारा दुकानदार मला अद्याप भेटलेला नाही, यूएसबीचा अडॅप्टर मिळाला आणि आजोबांची सोय झाली.

साटावाल्यांनी मात्र फार निर्धास्त राहू नये. माझ्या नव्या मदरबोर्डवर साटाची सहा पोर्ट आहेत, असे खोक्यावर ठळक छापले होते. दुसऱ्या एम-डॉट-टू खाचेत, म्हणजे मदरबोर्डवरच्या पट्टीएवढ्या जागेत, एसएसडी ही चिपांची डिस्क बसवली की त्यांतली दोन बंद पडतात, ही बातमी माहितीपुस्तिकेत एका तक्त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. कॅबिनेटची एक बाजू पूर्ण काचेची. आत पंख्यांना प्रशस्त जागा, आणि साडेतीन इंची डिस्कसाठी पाठीमागे, वायरींच्या गुंत्यात, एकुलता एक कप्पा.

खरी कसोटी पाहिली ती तीन टीबीच्या डिस्कने. ही विंडोज एक्सपीच्या जमान्यात एका यूएसबी डब्यात घालून वापरलेली. डिस्कचे कोणते विभाजन कुठून सुरू होते हे टिपणाऱ्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या नोंदवहीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक 32 बिटांचा असतो, त्यामुळे 512 बाइटांचा सेक्टर धरला तर हिशेब सुमारे दोन टीबीवर संपतो. यावर डबा बनवणाऱ्यांनी नामी शक्कल काढली होती: डबा संगणकाला सांगायचा, की सेक्टर 4096 बाइटांचा आहे. संगणक भोळा, त्याने विश्वास ठेवला. अनेक वर्षांनी डबा जळाला, डिस्क मी थेट मदरबोर्डला जोडली आणि थाप उघडी पडली. विभाजन 256व्या सेक्टरपासून सुरू होते ही नोंद तशीच होती, पण आता ते सेक्टर आठपट लहान झालेले. म्हणजे जिथे एक एमबी पुढे जाऊन पाहायचे, तिथे विंडोजने 128 केबीवरच दार ठोठावले. आतून कोणी ओ देईना. तेव्हा पडद्यावर ती सुप्रसिद्ध चौकट आली: हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करायचा आहे का? मुलांची बारशी, वडिलांची पंच्याहत्तरी आणि कोकणातल्या घराची दुरुस्ती पुसून टाकू का, हे इतक्या आदबीने विचारणारी दुसरी चौकट मी पाहिलेली नाही.

उपाय एकच होता: त्याच थापाड्या जातीचा दुसरा डबा शोधायचा. तो भंगारातल्या ढिगात सापडला, डिस्क आत सरकवताच सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले, आणि विक्रेत्याने माझा चेहरा पाहून किंमत वाढवली. आता सर्व सामान दुसरीकडे हलवून, डिस्क थेट मदरबोर्डला जोडून दोन टीबीची मर्यादा नसलेल्या जीपीटी पद्धतीने नव्याने आखणे एवढेच उरले होते.

तिथे परवानगीची भानगड निघाली. माझ्याच फोल्डरवर टिचकी मारली, तर तो उघडण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे उत्तर आले. एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीत, मालक म्हणून माणसाचे नाव नोंदलेले नसते, विंडोजने दिलेला लांबलचक ओळखक्रमांक नोंदलेला असतो. नवे विंडोज घातले की क्रमांकही नवा. थोडक्यात, नाव तेच, पासवर्ड तोच, आणि सातबाऱ्यावर अजून जुन्या संगणकाचा मी. फेरफार करण्याची सोय सिक्युरिटीच्या टॅबमध्ये आत खोलवर आहे. ती सापडली, तरी प्रत्येक फाइलची नोंद बदलत पुढे सरकणारी हिरवी पट्टी तलाठ्याच्याच गतीने चालते.

"अहो, जेवण गार होतंय," असे आतून दोनदा ऐकू आल्यावर पट्टी एकदाची पूर्ण झाली. एकाच प्रतीवर विसंबू नये म्हणून नवी आठ टीबीची बाह्य डिस्कही आणली होती. तिची केबल टाइप-सीची निघाली. संगणकाला टाइप-सीचे पोर्ट एकच, दर्शनी बाजूला, आणि त्यात चिरंजीवांचा मोबाइल चार्ज होत होता.

"बाबा, पाचच मिनिटं. आत्ता चौदा टक्के झालंय."