धरणाचे दरवाजे मी उघडले नव्हते

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्या शाळेच्या ग्रुपवर तो तीनदा आला. म्हणणं असं की, पीआरवाल्यांची, म्हणजे जनसंपर्काचं काम करणाऱ्यांची, मजा असते: पेपरात ओळखी, हॉटेलात पार्ट्या, पैसे टाकले की हवी ती बातमी, आणि क्लायंटचं काही बिनसलं की ते दाबायचं. पुण्यात अकरा वर्षं पीआरचंच काम करतेय, तेव्हा उत्तर देते.

ओळखी असतात, खोटं कशाला बोलू. पण त्या फोन उचलला जाण्यापुरत्या. गेल्या पावसाळ्यात नवी पेठेतल्या पत्रकार भवनात एका संस्थेची पत्रकार परिषद ठेवली होती. विषय मोफत श्रवणयंत्रं, वेळ साडेअकराची, खुर्च्या पंचवीस. पावणेअकराला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवल्याची खबर आली आणि सगळे बातमीदार नदीला पाणी वाढलं की बुडणाऱ्या भिडे पुलाकडे पळाले. आमच्याकडे आले तिघे. अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जणू धरणाचे दरवाजे मीच उघडले.

मग प्रेसनोट मेल केली. संस्थेच्या क्लार्कने ती श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, मी घाईत युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशी, न करता तशीच ढकलली. संध्याकाळी सातला पेपरच्या संपादकीय डेस्कवरून फोन : "मॅडम, काय पाठवलंय हे? नुसत्या किडा-मुंग्या दिसताहेत." पुन्हा सगळी टाइप केली. दुसऱ्या दिवशी पान पाचवर आठ ओळी. नाव उपाध्यक्षांचं, अध्यक्ष गायब. सकाळी पावणेसातला अध्यक्षांचा फोन, तो इथे लिहिण्यासारखा नाही. आणि त्याच दुपारी एक आजोबा त्या आठ ओळींचं कात्रण खिशातून काढून संस्थेच्या दारात उभे : "कानाचं यंत्र इथंच मिळतं ना?" त्या दिवशी चहा मी पाजला सगळ्यांना.

पार्ट्यांचं म्हणाल तर बुफेच्या रांगेत मी शेवटची असते, तोवर पनीर संपलेलं असतं.

पैशांचा मुद्दा मात्र उडवून लावणार नाही. पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापण्याचा, रोग खरा आहे; प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये त्यावर अहवालच दिला. पण तिथे पॅकेज ठरवायला माझी गरज काय? पैसेवाला थेट जाऊन सौदा करतो. माझ्याकडे येतो तो जाहिरात परवडत नाही म्हणून, नाहीतर आपलं काम खरंच बातमी आहे असं वाटतं म्हणून. बहुतेकदा ती नसते, आणि हे त्याला तोंडावर सांगणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग.

राहिलं दाबणं. 1906 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा रेल्वे कंपनीचा जनसंपर्क बघणाऱ्या आयव्ही लीने कंपनीला काही लपवू दिलं नाही. लेखी निवेदन काढलं, पत्रकारांना जागेवर नेलं. प्रेसनोटचा जन्म तिथला मानतात. माझा अनुभव एवढा मोठा नाही. एका क्लायंटच्या कॅन्टीनमध्ये विषबाधा झाली. रात्री साडेदहाला मालक म्हणाले, "कुणाशी काही बोलायचं नाही." म्हटलं, साहेब, आपण गप्प बसलो तर उद्या समोरचा टपरीवाला बोलेल आणि तेच छापून येईल. बाराच्या आत चार ओळी पाठवल्या : किती जण, कुठे दाखल, स्वयंपाकघर बंद केलंय. बातमी आलीच. पण बाहेर चाळीस-चाळीस म्हणत होते, तिथे 'नऊ' छापलं गेलं.

मालक अजून म्हणतात, दाबता आली असती.