फ्लाइट सिम्युलेटरची कोणती एडिशन घ्यावी? विमानांच्या आकड्यावरून ठरवू नका

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की मला मायक्रोसॉफ्टच्या विमान उडवायच्या गेमबद्दल ठरलेला मेसेज येतो: "दादा, फ्लाइट सिम्युलेटर घेतोय. स्टँडर्ड घेऊ की डीलक्स की प्रीमियम डीलक्स? प्रीमियममध्ये दहा विमानं जास्त आहेत." प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी ही लिंक पाठवता येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्टँडर्ड घ्यावी. मोठी जेट विमानं लांब पल्ल्यावर न्यायची हौस असेल आणि पैसे असतील, तर थेट प्रीमियम डीलक्स घ्यावी. मधली डीलक्स मात्र घेऊ नये. आता असं का म्हणतो ते सांगतो.

मायक्रोसॉफ्टचं २०२० चं सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२० ला आलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने ते बनवलं. सुरुवातीला स्टँडर्डमध्ये २० विमानं, डीलक्समध्ये २५, प्रीमियम डीलक्समध्ये ३०. हाताने बारकाईने घडवलेले विमानतळ अनुक्रमे ३०, ३५ आणि ४०. किंमत साधारण ६०, ९० आणि १२० डॉलर. म्हणजे सर्वात वरची एडिशन खालच्याच्या बरोब्बर दुप्पट.

पण दुप्पट पैसे मोजून दुप्पट जग मिळत नाही, हे दुकानाच्या पानावर ठळकपणे कुठे लिहिलेलं नसतं. बिंगच्या नकाशांवरून उभी केलेली पृथ्वी, ३७ हजारांच्या आसपास विमानतळ, त्या क्षणाचं खरं हवामान, खरी वाहतूक हे सगळं तिन्ही एडिशनमध्ये एकसारखं आहे. सह्याद्रीचे कडे स्टँडर्डमध्ये जसे दिसतात, तसेच प्रीमियममध्ये दिसतात. वरच्या एडिशनमधले जास्तीचे विमानतळ म्हणजे ॲमस्टरडॅम, कैरो, केप टाउन, हीथ्रो, फ्रँकफर्ट, दुबई वगैरे. त्या चाळीसात भारतातला एकही नाही. आपल्या शेजारचे भूतानचं पारो आणि नेपाळचं लुक्ला आहेत, आणि ते दोन्ही स्टँडर्डमध्येच आहेत! उतरायला जगातले सर्वात अवघड म्हणावेत असे हे दोन विमानतळ, आणि त्यांच्यासाठी एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही.

आता डीलक्सची पाच विमानं बघा: डायमंड डीए४० टीडीआय, डायमंड डीव्ही२०, बीचक्राफ्ट बॅरन जी५८, सेसना १५२ एरोबॅट आणि गोल डायलवाली सेसना १७२. यातल्या तिघांची भावंडं स्टँडर्डमध्ये आधीच बसलेली आहेत. डीए४० एनजी आहे, साधी १५२ आहे, जी१००० स्क्रीनवाली (गोल डायलऐवजी डिजिटल काचेचे पडदे असलेली) १७२ आहे. नवं म्हणावं असं विमान बॅरन, आणि फार तर छोटं डीव्ही२०. तीस डॉलर जास्त मोजावेत असा हा ऐवज मला वाटत नाही.

डीलक्सचं समर्थन करणारे हमखास एक मुद्दा मांडतात, आणि तो मुद्दा खरा आहे: "गोल डायलवाली १७२ हवी म्हणून घेतली." ही ओढ मला पूर्ण समजते. उड्डाण शिकायचं तर त्या सहा डायलवरच शिकावं, असं माझंही ठाम मत आहे. वरच्या ओळीत वेग, क्षितिज आणि उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढउताराचा दर. काचेच्या स्क्रीनवर हे सगळं एका चित्रात मांडून मिळतं, नजर एकाच जागी खिळून राहते. सहा डायलमध्ये नजरेला फिरावं लागतं. क्षितिज, मग वेग, परत क्षितिज, मग उंची, परत क्षितिज, मग दिशा. ढगात शिरल्यावर बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही तेव्हा ही फिरती नजरच तुम्हाला सरळ ठेवते. खऱ्या विमानात दिशेची डायल जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चक्रावर, चालते आणि हळूहळू सरकत जाते. दर पंधरा मिनिटांनी विमान सरळ आणि समतल धरून, होकायंत्राकडे बघून ती जुळवून घ्यावी लागते. ही सवय जी१००० वर शिकणाऱ्याला लागत नाही, कारण तिथे ते काम यंत्रच करतं.

पण मित्रांनो, त्याच सहा डायल स्टँडर्डमधल्या सेसना १५२ मध्ये आहेत! तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दोन सीट, ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, वेग जेमतेम १०५ नॉट. यादीत ती ए३२०निओ आणि ७४७ च्या शेजारी असते, म्हणून नवा माणूस सरळ तिकडे जातो. माझ्या मते अख्ख्या स्टँडर्डमधलं शिकण्यासाठी सर्वोत्तम विमान तेच. थ्रॉटल (इंजिनची ताकद) आणि मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) वेगळं, उंचीवर गेलं की मिक्स्चर पातळ करायचं, कार्ब्युरेटर गोठू नये म्हणून कार्ब हीटचा नॉब ओढायचा. डीए४० एनजीला डिझेल इंजिन आणि पॉवरचा एकच दांडा, तिथे यातलं काहीच करावं लागत नाही.

पावसाळ्यात लाइव्ह हवामान चालू करून १५२ घेऊन पुण्याहून जुहूला जाऊन बघा. लोहगाव आधीच १९०० फुटांच्या वर, त्यामुळे सुरुवात उंचीवरून होते. पण समोरून पश्चिमेचा वारा. तीस नॉटचा वारा तोंडावर आला तर शंभर नॉटच्या विमानाकडे जमिनीवरचा वेग सत्तरच उरतो, पवना धरण हलता हलत नाही. लोणावळ्याच्या अलीकडे, कड्याच्या पूर्वेच्या अंगाला, हवा खाली दाबायला लागते आणि चढउताराचा काटा शून्याखाली जातो. १५२ कडे राखीव ताकद नाही, त्यामुळे उंची आधीच कमावून ठेवावी लागते, ढगांचा तळ किती खाली आहे ते निघण्यापूर्वी बघावं लागतं, आणि जमत नसेल तर माघारी वळावं लागतं. मग राजमाची मागे पडते, खाली कोकण उघडतं आणि विमान पुन्हा शांत होतं. हे शिक्षण बोईंग ७८७ ड्रीमलायनरसारख्या मोठ्या जेटच्या ऑटोपायलटवर मिळत नाही.

ज्या मुलांना खरोखर पायलट व्हायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, तिथे डायमंडची डीए४० विमानं प्रशिक्षणाला वापरतात. तिकडे जायचा विचार असेल तर स्टँडर्डमधल्या डीए४० एनजीवर स्क्रीनची ओळख करून घ्या. त्यासाठीही डीलक्स लागत नाही.

जुने लोक आठवून बघा, हा खेळ नवा नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर एक्स आलं तेव्हाही स्टँडर्ड आणि डीलक्स अशा दोन एडिशन होत्या. तेव्हा जी१००० स्क्रीनची कॉकपिट डीलक्समध्ये होती आणि गोल डायल सगळ्यांना मिळत होत्या. १४ वर्षांनी नेमकं उलट झालं. स्क्रीन सर्वसाधारण झाली आणि डायल हौसेची वस्तू बनली. बाजारात जे दुर्मीळ त्याचे जास्त पैसे, हे मी समजू शकतो. पण शिकाऊ विमानाचा सर्वात मूलभूत अवतार महाग एडिशनमध्ये टाकायला नको होता, हे माझं स्पष्ट मत आहे. १५२ आहे म्हणून निभावतं, एवढंच.

प्रीमियम डीलक्सबद्दल मी इतका कठोर नाही. बोईंग ७८७-१०, सिरस एसआर२२, सेसना सायटेशन लाँजिट्यूड, पिपिस्ट्रेल व्हायरस आणि झ्लिन शॉक अल्ट्रा. ही पाच खरोखर वेगळी विमानं आहेत. ड्रीमलायनर सुरुवातीला अर्धवट होतं, त्याचा फ्लाइट कॉम्प्युटर नावापुरता होता. २०२३ मध्ये वर्किंग टायटलच्या टीमने ७८७ आणि ७४७ दोन्हींची एव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नव्याने करून फुकट अपडेटमध्ये दिली, तेव्हापासून ते विमान मनापासून उडवावंसं वाटतं. मुंबईहून रात्री निघून पहाटे लंडनला उतरायची ज्याला आवड आहे, त्याचे पैसे वसूल होतात. हीथ्रोही याच एडिशनमध्ये आहे, म्हणजे जोडी जमते. एअर इंडियाकडे ७८७-८ आणि ७८७-९ आहेत, -१० नाही, हे आपल्यातल्या काटेकोर मंडळींना खटकेल. पण कॉकपिटमध्ये बसल्यावर तो फरक विसरायला होतो.

एअरलाइनचीच आवड असेल आणि बजेट कमी असेल, तर स्टँडर्डमधल्या ए३२०निओवर फ्लायबायवायरचं फुकट मॉड (चाहत्यांनी बनवलेली सुधारणा) टाका. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं हे ओपन सोर्स काम आहे, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. इंडिगोचं जे विमान आपण पुण्याच्या आकाशात रोज बघतो, त्याच्या प्रणाली एकेक करून समजून घ्यायला महिने कमी पडतील. आणि स्टँडर्डमध्ये ७४७-८ आहेच. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून कायमचं निघून गेलं. ते ४०० मालिकेचं होतं, तरी त्या कुळातलं विमान मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरवताना मन भरून येतं.

शिवाय आकडे थांबलेले नाहीत. २०२१ च्या गेम ऑफ द इयर एडिशनमध्ये एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट आणि पिलाटस पीसी-६ आले. नोव्हेंबर २०२२ च्या ४० व्या वर्धापनदिनाच्या अपडेटमध्ये हेलिकॉप्टर, ग्लायडर, डीसी-३, राइट बंधूंचं विमान आणि एअरबस ए३१० आलं. ज्यांच्याकडे आधीपासून स्टँडर्ड होती त्यांनाही हे सगळं फुकट मिळालं.

आता २०२४ ची आवृत्ती. १९ नोव्हेंबर २०२४ ला आली, पहिल्या दिवशी सर्व्हरवर भार पडून लोडिंग अडकलं, ते सगळ्यांनी वाचलंच असेल. इथे चार एडिशन आहेत: स्टँडर्ड ७० विमानं, डीलक्स ८०, प्रीमियम डीलक्स ९५, आणि वर एव्हिएटर १२५. किंमत ७०, १००, १३० आणि २०० डॉलर. १२५ हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण एव्हिएटरमधली जास्तीची तीस विमानं म्हणजे २०२० साठी मार्केटप्लेसवर (गेममधल्याच दुकानात) सुटी विकली गेलेलीच विमानं. त्यातली काही तुम्ही आधीच घेतली असतील तर पुन्हा पैसे कशाला? तुम्हाला हवं ते एखादं विमान सुटं घ्या. २०२४ ची खरी गंमत करिअर मोडमध्ये आहे: आग विझवणं, शोध आणि बचाव, मालवाहतूक, शेतावर फवारणी. आणि तो मोड स्टँडर्डमध्ये पूर्ण आहे.

या बाबतीत एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरचं मला कौतुक वाटतं. लॅमिनार रिसर्चच्या एक्स-प्लेन १२ मध्ये ही एडिशनची उतरंड नाही. एकदा घेतलं की सगळी विमानं तुमची. एसआर२२ सुद्धा त्यातच. पंखाच्या एकेका तुकड्यावर लागणारं बल मोजून विमान उडवायची त्यांची पद्धतही मला भावते. मात्र जमीन वरून ओळखू येण्याच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टला तोड नाही. खडकवासला बघून "हे आपलं" म्हणायचं असेल, तर तिकडेच जावं लागतं.

मग वाचलेले तीस किंवा साठ डॉलर कुठे घालायचे? जॉयस्टिकमध्ये. कीबोर्डवर किंवा गेमपॅडवर १५२ ची लँडिंग शिकणं म्हणजे विनाकारण हाल आहेत. साधी, दांडा फिरवून रडर (शेपटीवरची उभी झडप, जी खऱ्या विमानात पायांनी चालवतात) देता येणारी स्टिक घ्या. आडव्या वाऱ्यात पाय कसे वापरायचे याची निदान कल्पना येते. दुसरा खर्च इंटरनेटवर. जमिनीचं चित्र सतत नेटवरून येत असतं, ५ एमबीपीएसवर चालतं खरं, पण २० च्या आसपास असेल तर खालचा डोंगर वेळेवर दिसतो. २०२० च्या डाउनलोडला शंभर जीबीपेक्षा जास्त जागा ठेवा, एसएसडीवरच.

२०२४ ची एव्हिएटर एडिशन ज्यांनी घेतली आहे त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा: त्या जास्तीच्या तीसपैकी कोणती विमानं तुम्ही दुसऱ्या महिन्यातही उडवत होता? आणि पुणे-जुहू १५२ ने कोणी केलं, तर ढगांचा तळ किती फुटांवर मिळाला तेही सांगा.