बेरीज १०० आली, तरी तांबं कमी कसं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकांत, वस्तुमानाने २५.४५ टक्के तांबं असतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते हे साफ चूक. तांबं ३९.८, गंधक २०.१, ऑक्सिजन ४०.१, बेरीज १००, म्हणून तुमचं उत्तर पक्कं. शिवाय टक्केवारीत मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) आणून मी मुलांचा गोंधळ वाढवला आणि तांब्याचं अणुवस्तुमान ६३.५ चालत असताना ६३.५५ घेऊन बसलो, अशा आणखी दोन तक्रारी.

आधी त्या १०० बद्दल, कारण या खात्रीवर विसंबून कितीतरी मुलं चुकतात. ती बेरीज तुमचा भागाकार तपासते, सूत्र वाचण्यात चूक झाली का हे तपासत नाही. सगळ्या भागांना त्यांच्याच बेरजेने भागलं की १०० येणारच. कॅल्शियम नायट्रेट घ्या, Ca(NO₃)₂. कंसाबाहेरचा २ ऑक्सिजनला लावायचा आणि नायट्रोजनला लावायला विसरायचं, ही नेहमीची चूक. मग एकूण १५०.०९ येतात आणि नायट्रोजन ९.३ टक्के. खरं उत्तर १७.१ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण चुकलेल्या वहीतही बेरीज १०० च असते!

तुमच्या गणितात तर अशी चूकही नाही. ते फक्त दुसऱ्या पदार्थाचं आहे. तुम्ही १५९.६१ ने भागलंत, ते पाणी निघून गेलेलं कॉपर सल्फेट. निळ्या मोरचुदाच्या सूत्रात, CuSO₄·5H₂O मध्ये, पुढे एक ठिपका असतो आणि त्यानंतर पाण्याचे पाच रेणू. तो ठिपका गुणाकाराचा नाही. त्या पाच रेणूंचं ९०.०८ मिळवायचं, म्हणजे मोलर वस्तुमान (एका मोलचं वस्तुमान) होतं २४९.६९ ग्रॅम. तांबं तेवढंच, ६३.५५. ज्याने भागायचं तो आकडा वाढला. एक कबूल करतो: लेखात मी काही ठिकाणी ‘मोरचूद’ आणि काही ठिकाणी नुसतं ‘कॉपर सल्फेट’ लिहिलं होतं. तुमचा गैरसमज तिथूनच झाला असणार. ते आता दुरुस्त केलं आहे.

हे पाणी कागदावरचं नाही. परीक्षानळीत २.५० ग्रॅम निळे स्फटिक घेऊन, नळीचं तोंड किंचित खाली झुकवून तापवा. स्फटिकांचा रंग उडत जातो आणि तोंडाजवळच्या थंड काचेवर थेंब जमतात. नळी झुकवायची ती याचसाठी, नाहीतर थेंब मागे ओघळून तापलेली काच तडकते. चार रेणू तसे लवकर सुटतात, पाचव्यासाठी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. उरलेली पांढरी पूड भरते १.६० ग्रॅम. गेलेले ०.९० ग्रॅम म्हणजे ३६ टक्के, आणि ९०.०८ भागिले २४९.६९ केलं तरी तेच. पूड गार झाल्यावर तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका, निळा रंग परत येतो आणि नळी हाताला गरम लागते. मला हा प्रयोग फार आवडतो. टक्केवारी तराजूवर दिसते.

६३.५ बद्दल तुमचं बरोबर आहे. ६३.५ भागिले २४९.५ केलं तरी २५.४५ च येतं. फक्त ६४ करू नका. तांब्याचे स्थिर समस्थानिक (वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) दोनच, ६३ आणि ६५. पहिला सुमारे ६९ टक्के, दुसरा ३१. अणुवस्तुमान ही त्यांची भारित सरासरी आहे. ६४ वस्तुमानांकाचा स्थिर तांब्याचा अणू निसर्गात नाहीच.

मोलचा मुद्दाही अर्धा मान्य. नुसत्या टक्केवारीला मोल लागत नाही, रेणूतली सापेक्ष वस्तुमानं पुरतात. पण त्याच मुलाला पुढे ०.१ मोल प्रति लिटरचं एक लिटर द्रावण करायचं असतं. बाटलीत निळे स्फटिक असताना त्याने तुमच्या १५९.६१ वरून १५.९६ ग्रॅम तोलले, तर द्रावण ०.०६४ चं होईल. तोलायचे होते २४.९७ ग्रॅम. म्हणून मी मोल तिथेच आणला आणि तो लेखातून काढणार नाही. हवं तर त्याआधी मोलशिवायचं एक गणित जोडतो, तुमच्याच १५९.६१ चं.