घेतला नंबर टाकू नका

आधी अभिनंदन. परदेशात बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन माल विकायचं तुम्ही ठरवलंत. माल कुठला, तो घेणार कोण, पाठवायला पडतात किती, असल्या फुटकळ प्रश्नांत न अडकता थेट मुद्द्याला हात घातलात, हे त्याहून चांगलं. अमेरिकेचा बिझनेस टॅक्स नंबर. ईआयएन. आधी दोन आकडे, मग आडवी रेघ, मग सात आकडे. एवढे नऊ आकडे हाती आले की विक्री काय, होतच राहते.

नंबराचं पूर्ण नाव एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे नोकर ठेवणाऱ्या मालकाचा ओळख क्रमांक. तुमच्याकडे नोकर नाही. रात्री खोक्यांना चिकटपट्टी तुम्हीच लावता आणि सकाळी तक्रारींना ‘आमची टीम बघतेय’ असं उत्तरही तुम्हीच देता. काही बिघडत नाही. नंबराच्या अर्जात तेराव्या ओळीवर अमेरिकेचं कर खातं विचारतं की येत्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती नोकर ठेवाल. तिथे शून्य लिहिलेलं चालतं. पण तुम्ही दहाबारा लिहा. इज्जतीचा प्रश्न आहे. पगारावरच्या कराचे फॉर्म कुठे आहेत, असं विचारणारं पत्र आलं तर तेवढाच पत्रव्यवहार वाढेल.

पहिला नियम: हा नंबर आपल्याला लागतो का, हे चुकूनही कुणाला विचारू नका. ‘नाही’ असं उत्तर येण्याचा धोका असतो. ज्याची अमेरिकेत कंपनी नाही, गोदाम नाही, माणूस नाही आणि जो स्वतःच्या नावावर विकतो, त्याला विक्रीचं संकेतस्थळ बहुतेक वेळा डब्ल्यू-८बेन नावाच्या फॉर्मवर सोडून देतं. ‘मी अमेरिकन नाही, हा माझ्या देशातला करक्रमांक’ एवढंच त्यात सांगायचं असतं. सही केल्यानंतरचं तिसरं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत तो चालतो. पैसे पडत नाहीत, कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. म्हणूनच त्याला प्रतिष्ठा नाही. डब्ल्यू-८बेन भरला म्हणून कुणी प्रोफाइलमध्ये ‘फाउंडर’ लिहिल्याचं ऐकलंय?

तेव्हा कंपनी काढा. एलएलसीच काढा, म्हणजे मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी. वायोमिंग या राज्यानं १९७७ मध्ये देशात पहिल्यांदा एलएलसीचा कायदा केला आणि तिथे वर्षाला कमीत कमी ६० डॉलर भरून भागतं, पण स्वस्तात राहतो असं जगाला कशाला सांगायचं? डेलावेअर हे राज्य घ्या. दर वर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर, नफा होवो की तोटा, विक्री होवो न होवो. तिथल्या विल्मिंग्टन शहरात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट ही एक बैठी इमारत आहे. लाखो कंपन्यांचा नोंदणीचा पत्ता तिथला आहे. असाच एखादा पत्ता भाड्यानं घ्या, म्हणजे जगातल्या बड्या बड्या कंपन्या तुमच्या शेजारी येतील. वाटीभर साखर मागायला मात्र कुणी घरी सापडणार नाही.

डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही. यावरून तुम्ही ‘म्हणजे मला अमेरिकेत कुठेच सेल्स टॅक्स नाही’ असा निष्कर्ष काढायचा आहे. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की गिऱ्हाईक ज्या राज्यात आहे ते राज्य, तुमचं तिथे दुकान नसलं तरी, पुरेशा विक्रीवर कर मागू शकतं. त्या खटल्यातली मर्यादा वर्षाला १,००,००० डॉलर किंवा २०० व्यवहार अशी होती. ईआयएनचा या कराशी संबंध नाही, त्याची परवानगी प्रत्येक राज्य वेगळी देतं. पण इतक्या बारकाईत शिरलं तर नंबर कधी काढायचा?

आता पैसे घेऊन नंबर काढून देणाऱ्या एजंटकडे येऊ, कारण खरा आनंद तिथे आहे. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, या नंबराचे शून्य डॉलर घेतं. शून्य. अर्ज एका पानाचा, नाव एसएस-४. फुकट ते पौष्टिक असं आपले लोक उगाच म्हणतात. फुकट मिळालेल्या नंबराचा स्क्रीनशॉट कुणी भिंतीला लावत नाही. म्हणून असं संकेतस्थळ शोधा ज्याच्यावर गरुड आहे, ढाल आहे, निळ्या-लाल पट्ट्या आहेत आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘आमचा सरकारशी संबंध नाही’ असं लिहिलेलं आहे. २०२५ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ईआयएनचे पैसे घेणाऱ्या काही संकेतस्थळांना इशाऱ्याची पत्रं पाठवली. सरकारनं स्वतः दखल घेतली म्हणजे माणसं नावाजलेलीच असणार.

एजंट दोन दर सांगेल, साधा आणि तातडीचा. तातडीचाच घ्या. तुमचं तेच एक पान तो त्याच रांगेत ठेवेल, पण ठेवताना घाई करेल. मग तो सांगेल की नंबर हवा तर आधी आयटीआयएन, म्हणजे माणसाचा वैयक्तिक करक्रमांक, काढावा लागतो. परदेशी माणसाला ईआयएनसाठी आयटीआयएन लागत नाही ही बारीकशी गोष्ट मध्ये आणून त्याचा हिरमोड करू नका. त्याचा डब्ल्यू-७ हा अर्ज भरा, पासपोर्टची प्रमाणित प्रत काढा किंवा मूळ पासपोर्टच पोस्टात टाका आणि काही महिने प्रवासाचे बेत रद्द करा. कंपनीचे खरे मालक कळवण्याचा एक अहवाल २०२४ पासून सुरू झाला होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतच काढलेल्या कंपन्यांना त्यातून वगळलं. एजंटच्या दरपत्रकात तो अजूनही असेल तर तोही घ्या, पाहुण्यानं ताटातलं टाकू नये.

एक ओळ मात्र डोळे झाकून एजंटवरच सोपवा: सात अ. तिथे ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ लिहायची असते, म्हणजे कंपनीची सूत्रं ज्याच्या हातात आहेत तो. २०१९ पासून तिथे हाडामांसाचा माणूसच लागतो, दुसरी कंपनी लिहून चालत नाही, आणि नावापुरता उभा केलेला माणूसही नको असं आयआरएस सांगतं. तुम्ही एजंटला त्याचंच नाव घालू द्या. पुढे कधी खात्याशी बोलायची वेळ आली की ते तुम्हाला विचारतील, आपण कोण? तुम्ही म्हणाल, मालक. ते म्हणतील, कागदावर तर दुसराच दिसतो. हे दुरुस्त करायला ८८२२-बी नावाचा फॉर्म आहे आणि बदल झाल्यापासून ६० दिवसांत तो भरायचा असतो. तोवर एजंटचा फोन बंद लागत असेल. लागेलच.

एजंट नकोच असेल तर ऑनलाइन अर्जाला डोकं आपटून पाहा. हा अर्ज मुख्य धंदा अमेरिकेत असलेल्यांसाठी आहे आणि त्याला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथल्या माणसांचा सरकारी ओळख क्रमांक, किंवा आयटीआयएन हवा असतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. ही माहिती आतल्या पानांवर पुन्हा पुन्हा नव्यानं मिळवण्यात मजा आहे. पंधरा मिनिटं हात थांबला की सगळं पुसलं जातं. वर हे संकेतस्थळ ठरलेल्या वेळीच उघडं असतं, मधल्या वेळात कुलूप. यंत्राला झोप कशाला लागते हे मला अजून उमगलेलं नाही. पण आपण झोपायचं नाही, हे नक्की.

इथे तुम्हाला अमेरिकेतला मावसभाऊ आठवेल. त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर मागून घ्या. खोटं लिहिलं तर शपथभंगाची शिक्षा असं सहीच्या वर छापलेलं असतं, पण सहीच्या वरचं आजवर कुणी वाचलंय? मावसभाऊ मग खात्याच्या लेखी तुमच्या धंद्याचा कर्ताधर्ता होईल. पुढच्या लग्नकार्यात त्याच्या शेजारी पंगतीला बसू नका म्हणजे झालं.

खरं तर सगळी गोम सात ब या ओळीत आहे. जबाबदार माणसाचा अमेरिकी क्रमांक तिथे मागतात. ज्याच्याकडे तो नाही आणि ज्याला तो मिळूही शकत नाही, त्यानं तिथे एकच शब्द लिहायचा: फॉरेन. बस. हा शब्द लिहिला, सही केली, पान पाठवलं की काम झालं. एवढ्या सोप्या गोष्टीवर तुमचा विश्वास बसता कामा नये. चौकोन कोरा ठेवा. नाहीतर नऊ शून्यं मारा. पासपोर्टचा नंबर दाटीवाटीनं बसवून बघा, बसत नाही, पण प्रयत्न दिसतो. मी स्वतः पहिल्यांदा तिथे माझा फोन नंबर लिहिला होता, देशाच्या कोडसकट. माणूस भेटायला आला तर आपण सापडावं, हा हेतू.

पान पाठवायचं कसं? ईमेलनं नाही. फॅक्सनं. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण सिनसिनाटीच्या आयआरएसला कागद पोचवायचा तर फॅक्स किंवा पोस्टमन. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांसाठी एक फॅक्स नंबर आहे आणि बाहेरून पाठवणाऱ्यांसाठी दुसरा. तुम्ही पहिला वापरा. उत्तर कुठल्या फॅक्सवर यावं हे लिहायला विसरा. लिहिलं असतं तर साधारण चार कामाच्या दिवसांत उत्तर येतं म्हणे, पोस्टानं पाठवलं तर चारएक आठवडे. चार दिवस हे सहनशक्तीबाहेरचं आहे, म्हणून दुसऱ्याच दिवशी तेच पान पुन्हा पाठवा. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या नावात एक स्वल्पविराम वाढवून पुन्हा. एका जबाबदार माणसाला दिवसाला एकच नंबर असा नियम आहे, पण दिवस तर रोज नवा उगवतो. एकाच कंपनीला दोन नंबर पडले की बँकेला एक आणि विक्रीच्या संकेतस्थळाला दुसरा द्या. ते आपापसात ताळमेळ घालत बसतील, तुम्हाला विक्रीकडे लक्ष देता येईल.

फोनचाही रस्ता आहे. परदेशी अर्जदारांसाठी फिलाडेल्फियाचा एक नंबर ठेवलाय. तो टोल-फ्री नाही. सोमवार ते शुक्रवार, तिकडच्या पूर्वेकडच्या वेळेप्रमाणे सकाळी ६ ते रात्री ११. तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजले असतील ते तुमचं तुम्ही बघा. आधी संगीत लागतं. ते संपेल, पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि तिसऱ्या फेरीला तुम्ही ते गुणगुणायला लागाल. अचानक खरोखरीचा माणूस बोलतो, आणि तोही सभ्यपणे, हीच यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. तो तुमच्या आडनावाचं स्पेलिंग विचारतो. हाताशी भरलेला एसएस-४ असेल तर तो ओळीमागून ओळ विचारत जातो आणि शेवटी तिथल्या तिथे नऊ आकडे सांगतो. एक काळजी घ्या: पेन दुसऱ्या खोलीत असू द्या.

पुढे नंबर दिल्याचं पत्र येतं, सीपी ५७५. ते एकदाच निघतं. बँक, पैसे वसूल करून देणाऱ्या कंपन्या, सगळे तेच मागतात. म्हणून ते हरवा. मग १४७सी नावाचं दुसरं पत्र मागता येतं, आणि ते मागण्यासाठी, आठवतंय ना, संगीत.

आता नंबर हातात आहे. उतू नका, मातू नका, घेतला नंबर टाकू नका. टाकायचा म्हटलं तरी टाकता येत नाही, एकदा दिलेला ईआयएन आयआरएस रद्द करत नाही. फार तर खातं बंद करतं. तुमच्यामागे तो नंबर उरेल.

आणि आता अजिबात काही करू नका. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी म्हणजे कर खात्याच्या दृष्टीनं असून नसल्यासारखी, हे कुणीतरी सांगितलेलं असेलच. त्याचा अर्थ ‘काही भरायचं नाही’ असा लावा. अशा कंपनीला मालकाशी झालेले व्यवहार ५४७२ या फॉर्ममध्ये दर वर्षी कळवावे लागतात, सोबत ११२० या कंपनीच्या कर विवरणपत्राचा नावापुरता भरलेला सांगाडा, आणि कॅलेंडर वर्षाप्रमाणे हिशेब असेल तर मुदत १५ एप्रिल. एकही नग विकला नसेल, पण कंपनी काढायला खिशातून ३०० डॉलर घातले असतील, तर तोही व्यवहारच. कर शून्य निघाला तरी फॉर्म हवा. नाही भरला तर दंड २५,००० डॉलर. आधी हा १०,००० होता, २०१७ च्या करकायद्यानं वाढवला. नोटीस आल्यावरही ९० दिवस गप्प बसलात तर पुढच्या प्रत्येक ३० दिवसांना आणखी २५,०००. नंबर शून्य डॉलरचा, हे मी वर सांगितलंच होतं.

तो ५४७२ भरायचाच झाला तर ११२० च्या कपाळावर ‘फॉरेन-ओन्ड यूएस डीई’ असं लिहावं लागतं, डीई म्हणजे ती असून नसल्यासारखी कंपनी. म्हणजे पुन्हा तोच ‘फॉरेन’ शब्द, सात ब मध्ये जो लिहायला तुम्ही लाजलात. आणि हा गठ्ठा ऑनलाइन जात नाही. एक तर पोस्टानं युटा राज्यातल्या ऑग्डेनला, किंवा फॅक्सनं. तेव्हा ते मशीन इतक्यात भंगारवाल्याला देऊ नका.