वाघोलीचे टँकर आणि ‘आमचं पाणी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या प्रतिक्रियेखाली नाव नाही, ‘एक जुना पुणेकर’ एवढीच सही आहे. वय सत्तरीच्या पुढे आणि जन्म पेठेतला, असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मनापासून लिहिलेली आहे. ‘वाचल्याबद्दल आभार’ एवढं लिहून ती बाजूला सारणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याच्या पूर्वेच्या कडेला वाघोलीत मी राहते. तिथल्या पाण्याच्या टँकरवर मी लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं: शहर बाहेरून आलेल्यांनी भरलं. खडकवासल्याचं पाणी मूळ पुणेकरांचं, ते आता त्यांनाच पुरत नाही. लातूरसारख्या दुष्काळी भागातून आलेल्या बाईने नोकरी मिळाली, घर मिळालं यात समाधान मानावं, ऊठसूट तक्रारी करू नयेत. वाघोली म्हणजे पुणे नव्हेच. आणि एवढाच त्रास होत असेल तर परत जावं.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तेच जास्त लागलं.

मी लातूर शहरातली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ गाडी कृष्णेचं पाणी घेऊन आली, तेव्हा मी तिथेच राहत होते. पहिल्या खेपेला १० वाघिणी आल्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी. आमच्या घरी मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि ते पाणी संडासाला वापरायचं, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. पाहुणे येणार असं कळलं की आईच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी घागरींचा हिशोब दिसायचा.

तेव्हा पाणी नसणं म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. म्हणूनच वाघोलीतल्या टंचाईला मी दुष्काळ म्हणत नाही. लातुरात पाणी नव्हतं, म्हणून शेकडो किलोमीटरवरून आणावं लागलं. पुण्याच्या वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत, मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पाऊस चांगला झाला की ती भरतात, मुठेत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि लोक छत्र्या घेऊन नदीचं पाणी बघायला जमतात. त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या गेटवर टँकर उभे असतात, भर पावसात, वायपर चालू ठेवून. हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून मी तो लेख लिहिला.

तुम्ही टँकरवरचं जगणं जवळून पाहिलं नसेल, म्हणून सांगते. दहा हजार लिटरचा टँकर पहाटे पाचच्या सुमाराला येतो. ड्रायव्हर गाडी मागे घेत जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापाशी लावतो, वॉचमन जाड पाइप ओढून त्याचं तोंड टाकीत सोडतो. रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, वेळ, सही. कमिटीतल्या ज्यांची पाळी असेल त्या पहिलं पाणी बाटलीत धरून मोबाईलच्या उजेडात बघतात, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवतात. आकडा जास्त आला तर टँकर घ्यायचा की परत पाठवायचा, हे तिथल्या तिथे गाऊनवर ओढणी टाकून उभ्या असलेल्या त्या बाईने ठरवायचं. परत पाठवला तर आठ वाजता वरच्या मजल्यांचे नळ कोरडे, मुलांच्या शाळेची वेळ, ग्रुपवर शंभर मेसेज. त्यामुळे बहुतेक वेळा घेतला जातो. पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, असं विचारलं तर ड्रायव्हर ‘पॉइंटवरनं भरलंय’ म्हणतो. त्याच्याही हातात तेवढंच असतं. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा रकाना वेगळा आहे आणि होळी झाली की तो फुगायला लागतो.

पाणी कुठून येतं हा प्रश्न मी उगाच उकरून काढलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले. हातापायांतली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. तपासाचा रोख दूषित पाण्याकडे होता. ही सगळी गावं गेल्या काही वर्षांत शहरात घेतलेली. तिथे विहिरीचं पाणी पुरेशा शुद्धीकरणाशिवाय वाटलं जातं, अशी तिथल्या लोकांची तक्रार होतीच. ती वेळेवर कुणी मनावर घेतली असती तर? काका, मला तक्रारीची हौस नाही. माझी मुलगी तेच पाणी पिते.

आता ‘आमचं पाणी’. पानशेत आणि वरसगावच्या खोऱ्यांतली गावं पाण्याखाली गेली, तिथली माणसं घरंदारं, देवळं, शेतं सोडून उठली, तेव्हा हे पाणी साठलं. खडकवासल्याच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती उभी आहे. तिथला शेतकरी उन्हाळ्यात आवर्तनाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि आमच्या तोंडचं पाणी शहर पितं असं तो म्हणतो तेव्हा त्याचं खोटं नसतं. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाचं पाणी आणलं, ते खेड तालुक्यातून, धरणग्रस्तांनी तीव्र आंदोलन केल्यावर. या सगळ्यांच्या पुढे पेठेचा हक्क कसा काय उभा राहतो? वाघोलीचाही राहत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण मग आपण दोघं एकाच रांगेत आहोत, एवढं तरी तुम्ही मान्य करायला हवं.

तुम्ही १२ जुलै १९६१ बद्दल लिहिलंत. पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही लहान होता, वाड्याचा खालचा मजला गेला, आजीने तुम्हाला माळ्यावर चढवलं. तो भाग मी दोनदा वाचला. त्या पुरात घरं गेलेल्यांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती वसवल्या. तेव्हा ती शहराची कडच होती. तिथे राहायला गेलेल्या तुमच्या शेजाऱ्यांना ‘तुम्ही आता पुणेकर नाही’ असं कुणी म्हटलं असतं तर तुम्हाला ते रुचलं असतं का?

वाघोली म्हणजे पुणे नव्हे, या वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण या एका गोष्टीवर आमचं सगळं अडलं. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, त्यात वाघोली होती. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. वाघोलीची ग्रामपंचायत गेली. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. म्हणजे जवळपास साडेचार वर्षं आमच्याकडे सरपंच नव्हता आणि आम्ही निवडलेला नगरसेवकही नव्हता. मुदत सगळ्या शहराची संपली होती, हे खरं. पण तुमच्या पेठेत माजी नगरसेवक ओळखीचा असतो. त्याला कट्ट्यावर गाठून ‘अरे, नळाला करंगळीएवढी धार येतेय’ असं सांगता येतं, आणि तो फोन लावतो. आमच्याकडे माजीसुद्धा नव्हता. ड्रेनेज तुंबलं, दिवे बंद पडले की आधी कुठल्या कार्यालयात जायचं, यावरच सोसायटीची मीटिंग व्हायची. अर्ज द्यायचा, पोचपावती घ्यायची, साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. अशा वेळी माणूस लिहितो. दुसरं काय करणार?

आणि लोक आले म्हणून पाणी संपलं, असं तुम्ही म्हणता तेव्हा मधली एक पायरी तुमच्याकडून सुटते. लोक येतात ते बांधलेल्या घरात येतात. घर बांधायला कुणीतरी परवानगी दिलेली असते. शहराच्या कडेच्या गावांत इमारतींना परवानगी मिळते तेव्हा नळाचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. पुढे फ्लॅट विकले जातात, सोसायटी स्थापन होते, बिल्डर दुसऱ्या प्रकल्पावर जातो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. आमचंही असंच झालं. पाइपलाइन आधी टाकून मग बारा-बारा मजले चढवले असते तर तुमच्या पेठेतलाही दाब कमी झाला नसता, कारण किती माणसांना किती पाणी लागणार याचा हिशोब आधीच मांडावा लागला असता. तुमचा राग योग्य आहे, फक्त तो फ्लॅट घेणाऱ्यावर का? वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहणारी मी बाई, परवानग्यांच्या टेबलापर्यंत माझा हात पोचत नाही.

‘बाहेरचे’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण असतं, हेही मला विचारायचंय. आम्ही लातूरकर वाघोलीला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली, पुढे वाघोलीत त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसनाचं केंद्र उभं राहिलं. आई-वडील गमावलेली मुलं या गावात वाढली, शिकली. तेव्हा वाघोली म्हणजे दगडखाणी, क्रशर आणि माळ. त्या वेळी या जागेने ‘तुम्ही कुठले’ असं विचारलं नव्हतं.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीतल्या केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. तिघं गेले, त्यात दोन चिमुकली बाळं. अमरावतीकडून बांधकामाच्या कामाला आलेली ही माणसं. इथल्या इमारती अशाच हातांनी उभ्या केल्यात आणि त्यांना शहरात झोपायला फुटपाथ मिळाला. तीही ‘बाहेरची’च. भाजीवाली बीडची, ड्रायव्हर औशाचा, शाळेतल्या मावशी वाशिमच्या. औशाचा तो ड्रायव्हर मला पहिल्यांदा ‘काय करूलालाव ताई?’ म्हणाला, तेव्हा पहाटेच्या अंधारात मला भरून आलं होतं. ही माणसं वजा करून उरेल ते शहर तुम्हाला तरी ओळखीचं वाटेल का? पेठा बसवणारे पेशवेसुद्धा श्रीवर्धनहून आले होते, पण तो मुद्दा तुम्हाला ठाऊकच असणार, म्हणून ताणत नाही.

परत जाण्याबद्दल एवढंच. आमच्याकडे मुलं ‘लातूर पॅटर्न’मध्ये शिकतात, बोर्डात येतात, इंजिनिअर होतात, आणि नोकरी लातुरात नसते. मी आणि माझा नवरा त्यातलेच. खराडीतल्या ऑफिसातून रात्री दहाला एकटी रिक्षाने घरी येते आणि आईला फोनवर ‘पोचले’ म्हणून सांगते, तेव्हा तिला काळजी वाटत नाही. हे मला पुण्याने दिलं आणि मी ते विसरत नाही. पण ऋण आहे म्हणून गप्प बसावं, हे मला पटत नाही. घरपट्टी आम्ही भरतो, जानेवारीत रांगेत उभं राहून मतदान केलं, मुलीच्या जन्मदाखल्यावर पुणे आहे. तिने परत कुठे जायचं?

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मला पूर्ण पटली. वाडे पडून तिथे पाच-सहा मजली इमारती झाल्या, पण खालची जलवाहिनी आणि ड्रेनेज जुनंच राहिलं, सकाळी तासभर येणारं पाणी आता वरच्या मजल्यावर चढत नाही, आणि वयामुळे तुम्हाला खालून बादल्या आणता येत नाहीत. हे वाचून मला वाईट वाटलं. आजवर कडेच्या गावांवरच लिहिलं गेलं, कारण तेच रोज दिसतं. पेठेतल्या या अडचणीवर एखाद्या जुन्या रहिवाशाने लिहिलं तर ते इथेच, तुमच्या शब्दांत, छापायला मला आवडेल. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, कोणत्या मजल्यापर्यंत चढतं, एवढं महिनाभर वहीत टिपून ठेवलंत तर फार उपयोग होईल. आमच्या सोसायटीचं टँकरचं रजिस्टर मी त्याला जोडते. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेचं काम कुठवर आलं, आमच्याकडची पाइपलाइन कधी येणार, तुमच्याकडची कधी बदलणार, हे नव्या नगरसेवकांना दोन्ही वॉर्डांतून एकाच वेळी विचारता येईल.

वही सुरू केलीत तर इथेच खाली कळवा. महिना संपला की मी पेठेत येते, वही बघायला.