काटा मारला? मग गप्प बसा!

उसाच्या वजनात क्विंटलभर घट आली तर तुम्ही काय करता? बाहेरच्या काट्यावर पुन्हा वजन करता आणि ती पावती गावभर नाचवता. डेअरीत फॅट एका पॉइंटनं घसरली तरी संकलन करणाऱ्या पोराच्या सात पिढ्या उद्धरता. करावंच. पण भावाला शिक्षा लागून निकालपत्र हातात आलं, की ते घडी घालून देव्हाऱ्यात ठेवा. वाचू नका. सरकारी काटा कधी चुकतो होय?

निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत द्यायची, असा कायदाच आहे. फुकटची वस्तू कोण वाचतं? वाचलीतच तर शेवटचं पान सोडा, सगळी भानगड तिथंच असते. समजा, निकालाआधी कच्च्या कैदेत कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात काढलेले १४ महिने कागदावर ४ झाले. फौजदारी खटले चालवायच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे त्या खटल्यातले ते दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत. आणि निव्वळ लिहिण्यातली किंवा आकड्याची चूक तेच कोर्ट कलम ४०३ खाली दुरुस्त करू शकतं, अपीलसुद्धा लागत नाही. एका अर्जाचं काम. एवढ्यासाठी उन्हातान्हाचं कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात कशाला जायचं? दहा महिने असे जातात. आत तुम्ही थोडेच आहात?

दोन गुन्ह्यांत ३ आणि २ वर्षं लागली असतील, तर ती एकत्र भोगायची की एकीमागून एक, हे अजिबात विचारू नका. एकत्र म्हणजे ३, ओळीनं म्हणजे ५. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कोर्ट काही बोललं नाही तर ओळीनंच धरायचे. १ जुलै २०२४ ला आलेल्या नव्या संहितेच्या कलम २५ प्रमाणे गुन्ह्याचं गांभीर्य बघून कोर्टानं हे सांगायचं असतं. दोन वर्षांचा फरक दुधाच्या बिलात पडला असता, तर बघितलं असतं.

दंडाचंही तसंच. कैद आणि दंड दोन्ही असलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षा ३ वर्षं असेल, तर दंड न भरल्याबद्दलची जादा कैद तिच्या चौथाईपुढं, म्हणजे ९ महिन्यांपुढं जात नाही. तिथं १ वर्ष लिहिलंय? राहू दे. तीन महिने वर, हातावर घातलेल्या गुळाच्या खड्यासारखे.

तरीही शंका राहिली तर वकिलाकडं नको, चहाच्या गाड्यावर जा. तिथं एक जाणकार असतोच, बांधाच्या केसमध्ये उभी हयात घालवलेला. तो सांगेल, "अपील केलं की शिक्षा वाढतीया, पावणं!" आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, वाढवायची तर सरकारचं वेगळं अपील किंवा हायकोर्टाची नोटीस लागते आणि आरोपीचं ऐकून घ्यावं लागतं, असलं काही त्याला ऐकवू नका. चहाचे पैसे तो देतो.

मुदत तेवढी लक्षात ठेवा. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवस, मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशनमध्ये ३०. प्रत मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. लक्षात अशासाठी ठेवायची, की एकसष्टाव्या दिवशी वकिलाच्या दारात उभं राहता यावं. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज असतो. त्यात "घरात लग्न होतं" असं बिनधास्त लिहा.

पूर्वी आपल्याकडं सज्जड सबब होती. हायकोर्ट म्हणजे मुंबई, महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र आणि वर पुढची तारीख. वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं करून ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात आणलं आणि तुमची पंचाईत केली. आता हायकोर्ट भाऊसिंगजी रोडवर. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, हे कारण मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

एक धोका उरतो. शिक्षा भोगणारा माणूस तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत आतूनच अपील पाठवू शकतो, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण तो फुकट देतं. मुलाखतीला जाल तेव्हा हे भावाला कळू देऊ नका. उसाचं बोला. यंदा काटा कितीनं मारला ते सांगा, तोही जाळीआडून कारखान्याला चार शिव्या घालेल.